कुत्रा गप्प गप्प झालाय? आधी हिरड्या बघा, मूड नंतर

"दोन-चार दिवस झाले, नुसता कोपऱ्यात पडून असतो. बेल वाजली तरी उठत नाही. रुसलाय का?" कुत्रा पाळणाऱ्या वाचकांकडून हा प्रश्न फिरून फिरून येतो. बहुतेक वेळा प्रश्नासोबत उत्तरही तयार असतं: मुलगी शिकायला बाहेरगावी गेली म्हणून, उन्हाळा आहे म्हणून, आता वय झालं म्हणून. ही कारणं खरीही असतात. अडचण एवढीच की त्यांच्याआड आजाराला आरामात आठवडाभर लपता येतं. कुत्रा दुखणं सांगत नाही. कण्हणं, लंगडणं बरंच उशिरा येतं. आधी तो फक्त कमी बोलका होतो, कमी चालतो आणि माणसांपासून जरा लांब जाऊन बसतो.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी शरीर तपासा, ते स्वच्छ निघालं तर मनाकडे वळा. "रुसलाय" हे निदान सगळ्यात शेवटी करायचं आहे.

आजच्या आज निघायचं ते कधी

पुढचं काहीही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. रात्र असेल तर रात्रीच.

- हिरड्या पांढुरक्या, पिवळट किंवा निळसर दिसताहेत.
- नाकातून रक्त येतंय, लघवी चहासारखी गडद झालीय किंवा शी काळीकुट्ट आहे.
- झोपेतही धाप लागतेय. शांत झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असायला हवेत.
- पोट टम्म फुगलंय, उलटीचा उमाळा येतो पण बाहेर काही पडत नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो आणि मग हातात काही तासच असतात.
- पिल्लू आहे, लसी पूर्ण झालेल्या नाहीत आणि उलट्या-जुलाब सुरू आहेत. हा पार्व्हो विषाणूचा आजार असू शकतो.
- नसबंदी न झालेली मादी आहे, पाळी होऊन महिना-दोन महिने झालेत आणि ती सारखी पाणी पितेय.
- उंदराचं औषध खाल्ल्याची शंका आहे. त्यातल्या बऱ्याच विषांचा परिणाम दोन ते पाच दिवसांनी दिसतो, त्यामुळे "खाल्लं पण काही झालं नाही" या समजुतीवर राहू नका.

घरच्या घरी काय तपासाल

तपासणीला दहा मिनिटं पुरतात. कागद-पेन जवळ ठेवा. डॉक्टरांना "जरा सुस्त आहे" यापेक्षा आकडे जास्त उपयोगी पडतात.

*हिरड्या.* वरचा ओठ हळूच उचला. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या जन्मतः काळ्या असतील तर खालच्या पापणीच्या आतली बाजू बघा. आणि आजार नसतानाही अधूनमधून हिरड्या बघायची सवय ठेवा. नेहमीचा रंग माहीत असल्याशिवाय बदललेला रंग कळत नाही.

*ताप.* नाक कोरडं म्हणजे ताप, हा समज सोडून द्या. उन्हात बसून उठलेल्या ठणठणीत कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा आणि गुदद्वारातून तापमान मोजा. एकाने डोकं कुरवाळत धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे. माणसाच्या हिशेबाने १०१ म्हणजे ताप म्हणून घाबरू नका. १०३ च्या वर ताप समजा. १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली गेलं तर थांबू नका.

*गोचिडी.* कानाच्या आत, पंजाच्या बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, जांघेत आणि पट्ट्याखाली बोटं फिरवून बघा. त्याच वेळी पोटाची केस नसलेली कातडी पाहून घ्या. तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके असतील तर ते पुरळ समजून पावडर लावू नका. कातडीखाली झालेला तो रक्तस्राव असू शकतो.

*खाणं-पिणं, शी-शू.* शेवटचं पोटभर कधी खाल्लं? पाण्याचं भांडं नेहमीपेक्षा लवकर रिकामं होतंय का? "खातोय, म्हणजे बरा आहे" हेही खरं मानू नका. लॅब्राडॉरसारखी काही कुत्री ताप असतानाही बिस्किटाला नाही म्हणत नाहीत.

*चाल.* सोफ्यावर उडी मारायचं सोडलंय का? जिन्यापाशी थबकतो का? मान खाली घालून जेवताना त्रास होतो का? चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या भीतीने तिथे तो ताठ चालतो आणि मग तुमचं सांगणं पटत नाही.

पहिला संशय गोचीडतापावर

महाराष्ट्रात कुत्रा मलूल झाला की सगळ्यात आधी गोचीडतापाचा विचार करा, असं मी कुणालाही सांगेन. आपल्याकडच्या हवेत गोचिडीला वर्षभर मुक्काम करता येतो आणि पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर तिचा सुळसुळाट होतो. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरातही नांदते. भिंतीच्या फटी, दाराची चौकट, कुत्र्याच्या गादीची शिवण या तिच्या जागा. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते. तेव्हा "आमचा कुत्रा तर फ्लॅटच्या बाहेर फारसा जात नाही" हा बचाव उपयोगाचा नाही.

गोचीडताप हे एकाच आजाराचं नाव नाही, आणि गोंधळ इथेच होतो. एर्लिकिया हा जीवाणू आहे, बबेसिया हा तांबड्या पेशीत शिरणारा परजीवी आहे. दोन्ही एकाच वेळीही असू शकतात. दिसायला सुरुवात सारखीच असते: मरगळ, ताप, अन्नावरची वासना उडणं, हिरड्या फिकट होणं, प्लेटलेट घसरणं. पण औषधं वेगळी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, तेवढ्यावर बबेसिया हटेलच असं नाही. म्हणून तपासणी न करता "गोचीडतापाच्या गोळ्या द्या" म्हणणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

तपासणीविषयी निर्णयापुरतं एवढं लक्षात ठेवा:

- सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ही पहिली पायरी. प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात. यंत्राने फारच कमी आकडा दाखवला तर काचपट्टीवर रक्त बघून खात्री करायला सांगा, कारण प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की यंत्र फसतं.
- काचपट्टीवर जंतू दिसला तर निदान पक्कं. दिसला नाही म्हणून आजार नाही, असं मात्र नाही.
- दवाखान्यात काही मिनिटांत होणारी किट-तपासणी बहुधा प्रतिपिंडं शोधते. आजार बरा झाल्यावरही ती कितीतरी महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. जुना रिपोर्ट असेल तर दाखवा.
- शंका राहिली तर पीसीआर. महाग आहे, पण नेमका कोणता जंतू आहे ते कळतं.

आता सगळ्यात मोठा खड्डा. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं की बरेच कुत्रे दोन-तीन दिवसांत शेपूट हलवायला लागतात. घरचे खूश होतात आणि गोळ्या कपाटात जातात. एर्लिकियासाठी हे औषध साधारण चार आठवडे द्यावं लागतं. अर्धवट उपचार झाले तर जंतू शरीरात गपचूप राहतो, कुत्रा महिनोन् महिने बरा दिसतो आणि मग आजार पुन्हा उठतो तो अस्थिमज्जेवर घाव घालतच. जर्मन शेफर्ड असेल तर अधिकच जपा, त्या जातीत हा आजार जास्त बळावतो. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, आणि कोरडी तर नाहीच. अन्नातून द्या आणि वरून पाणी पाजा.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. उघड्या बोटांनी चिरडू नका. रॉकेल लावण्याची जुनी रीत कृपा करून बंद करा. कुत्रा ते चाटतो आणि नवंच दुखणं उभं राहतं. अमिट्राझचं औषध पाण्यात मिसळून अंघोळ घालणार असाल तर मात्रा तंतोतंत पाळा. ते जास्त झालं तर कुत्रा स्वतःच गुंगीत जातो, अंग गार पडतं आणि तुम्हाला वाटतं गोचीडताप वाढला. मरगळ अशा अंघोळीनंतर सुरू झाली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या चघळण्याच्या गोळ्या चांगलं काम करतात, मात्र कुत्र्याला झटके येत असतील तर आधी विचारून घ्या.

इतर शक्यता, थोडक्यात

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरणाऱ्या कुत्र्यांना *लेप्टो* होऊ शकतो. उंदरांच्या लघवीतून पसरणारा हा आजार मूत्रपिंड आणि यकृत धरतो आणि माणसांनाही होतो. लघवी साफ करताना हातमोजे घाला. *उन्हाळ्यात* पग आणि हस्की यांचे हाल होतात. विदर्भातल्या मे महिन्यात हस्की पाळण्याविषयी माझं मत कडवट आहे, ते इथे नको. धाप, लाळ आणि लटपटणं दिसलं तर अंगावर साधं पाणी ओतत, पंखा लावून लगेच घेऊन निघा.

*मादीच्या बाबतीत* दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. पाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी काही माद्या गप्प होतात, चिंध्या गोळा करतात, खेळणं कुशीत घेऊन बसतात, स्तनांत दूधही येतं. ही खोटी गर्भधारणा, सहसा आपोआप ओसरते. नेमक्या त्याच काळात गर्भाशयात पू होण्याचा आजारही होतो. त्यात ती तहानलेली आणि मलूल असते. पू बाहेर दिसेलच असं नाही, तोंड बंद असलेल्या गर्भाशयात तो आतच साठतो. फरक पोटाच्या सोनोग्राफीत कळतो. तेव्हा अंदाजावर थांबू नका.

*सात-आठ वर्षांपुढचा* कुत्रा सुस्त झाला तर "वय झालं" हे उत्तर पुरेसं नाही. सांधे दुखतात, दात किडतात, ऐकू कमी येतं, मूत्रपिंड थकतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर काहीतरी करता येतं. मधल्या वयाचा लॅब्राडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर खाणं न वाढता जाड होतोय, केस विरळ होताहेत, सारखी ऊब शोधतोय, तर थायरॉइड तपासा. मात्र फक्त टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) कमी आला म्हणून आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करू नका. दुसऱ्या कुठल्याही आजारात तो आकडा खाली येतो. टीएसएचही करून घ्या.

लस दिल्यावर एक-दोन दिवस मरगळ असते, त्याची चिंता नको.

आणि एक शक्यता दुर्मीळ असली तरी सांगायलाच हवी. रेबीजची लस राहिलेला कुत्रा अचानक अंधारात लपू लागला, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, भुंकण्याचा आवाज बदललाय, तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज दरवेळी चवताळूनच येतो असं नाही, मुका रेबीजही असतो. त्याला खोलीत बंद करून डॉक्टरांना फोन करा. लाळ लागली किंवा ओरखडा आला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा.

घरातल्या डब्यातलं काही देऊ नका

क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक: माणसांच्या या गोळ्या कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड किंवा जठर खराब करू शकतात. "लहान बाळाचा डोस दिला" हे स्पष्टीकरण डॉक्टरांना रोज ऐकावं लागतं. अशक्तपणा आलाय म्हणून मनुका भरवू नका, द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विषारी ठरतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा भातावर ओतून देणंही टाळा, कांद्याने तांबड्या पेशी फुटतात. तोंडाला चव नसेल तर बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन आणि भात पुरे.

डॉक्टरकडे जाताना, आणि तुमचा हक्क

जुनी फाइल, लसींचं कार्ड, तापाचे आकडे, व्हिडिओ आणि शक्य असेल तर सकाळच्या लघवीचा नमुना न्या. गेल्या महिन्याभरात दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव लिहून न्या, गोचिडीच्या औषधासकट. मग हे प्रश्न विचारा:

- तुम्हाला काय वाटतंय आणि कोणत्या तपासणीने ते पक्कं होईल?
- सगळ्या तपासण्या आज परवडत नसतील तर पहिली कोणती?
- हे इंजेक्शन कशाचं? त्यात स्टेरॉइड आहे का?
- किती तासांत फरक पडला नाही तर परत यायचं?

तिसरा प्रश्न संकोच न करता विचारा. स्टेरॉइडने कुत्रा संध्याकाळपर्यंत ताजातवाना दिसू शकतो आणि खरा आजार मागे राहतो. काही आजारांत ते लागतंच, पण का दिलं ते तुम्हाला कळायला हवं.

औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी मागा, रिपोर्टच्या प्रती मागा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. यात उद्धटपणा नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच हा व्यवसाय करता येतो. त्यामुळे चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक दिसला नाही तर विचारा. पेट शॉपवाला, ट्रेनर किंवा कंपाउंडर यांनी सुचवलेला "कोर्स" सुरू करू नका.

खर्चाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय गाठा. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेले दवाखाने आहेत. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई रुग्णालय ठाऊक असतंच, ते १८८३ पासून चालू आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

आजारी कुत्र्याला उचलून चार मजले उतरायला कुणी लावत असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून ठेवा. सोसायटीला सर्वसाधारण सभेत बहुमत असलं तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टची मनाईही करता येत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या बाजूने स्वच्छता आणि साखळी हवीच.

कायदा पाळणाऱ्यालाही विचारतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवण्यात हयगय करणं हा गुन्हा आहे. गच्चीवर किंवा फाटकापाशी दिवसभर बांधलेला कुत्रा "आजकाल मलूल असतो" असं कुणी सांगितलं की मी आधी साखळीची लांबी विचारते.

सगळे रिपोर्ट स्वच्छ आले, तरी तो गप्पच

आता मनाकडे या. गेल्या महिन्याभरात घरात काय बदललं ते आठवा: घर बदललं, सोबतचा कुत्रा गेला, त्याला फिरवणारे आजोबा गेले, बाळ आलं, घरून काम करणारे ऑफिसला जाऊ लागले. दिवाळीतल्या फटाक्यांनंतर काही कुत्री कितीतरी दिवस पलंगाखालून बाहेर येत नाहीत. काही वेळा कारण त्याहून साधं असतं. त्याला कंटाळा आलेला असतो. दिवसात दहा मिनिटं शी-शूपुरतं खाली नेऊन आणलेल्या बीगलने आणखी काय करायचं?

उपाय कंटाळवाणे आहेत, पण ते लागू पडतात:

- जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा आठवडाभर अजिबात हलवू नका.
- फिरताना ओढत नेऊ नका, त्याला हवं तिथे हुंगू द्या. कुत्र्यासाठी फेरफटक्याचा अर्धा अर्थ नाकात असतो.
- कोपऱ्यात बसला तर बसू द्या. ओढून बाहेर काढू नका, मुलांना त्याच्यावर पडू देऊ नका. जवळ बसा, तो आला तर हात फिरवा.
- थोडा खाऊ घरात लपवून शोधायला लावा.
- गेलेल्या कुत्र्याची जागा भरायला लगेच नवं पिल्लू आणू नका. निदान हा नीट जेवायला लागेपर्यंत थांबा.

रोज एक ओळ लिहून ठेवा: काय खाल्लं, किती चालला, कशाला प्रतिसाद दिला. दोन आठवड्यांत त्या ओळी सुधारताना दिसल्या नाहीत, किंवा वजन घटू लागलं, तर "अजून मनातून गेलेलं नाही" म्हणत बसू नका. प्लेटलेट आज ठीक असतील आणि तीन आठवड्यांनी नसतील, असं गोचीडतापात होतं. पहिले रिपोर्ट बरोबर घ्या, हिरड्या पुन्हा बघा आणि सीबीसी पुन्हा करून घ्या.